डाव्या बुटातला आकडा

आज २९ जून. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म १८९३ साली याच दिवशी कोलकात्यात झाला, आणि २००७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. आजच्या दिवशी नमुना सर्वेक्षणांविषयी, पंचवार्षिक योजनांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज एका बुटाविषयी लिहिणार आहे. महालनोबिसांच्या एका कल्पनेचा अर्थ मला वर्गात सांगितला गेला होता; तो कळला मात्र एका मैदानावर, चार फेऱ्या लंगडत मारल्यावर.

२०१० सालची गोष्ट. मी कोलकात्यात संख्याशास्त्र शिकत होते आणि शहराच्या उत्तरेला, बराकपूर ट्रंक रोडजवळ राहत होते. बाबा त्याच वर्षी सेवानिवृत्त झाले होते. सातारा जिल्ह्यात भूकरमापक म्हणून त्यांनी आयुष्यभर शेताच्या बांधांवरून पायपीट केली होती. निवृत्तीनंतर ती चाल सुटेना, म्हणून ते धावू लागले. येत्या जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन आपण दोघांनी बरोबर धावायची, असे आमचे ठरले. ते तिकडे साताऱ्याच्या रस्त्यांवर सराव करणार, मी इकडे गंगेच्या काठावर. दर रविवारी रात्री दूरध्वनीवर एकमेकांना आठवड्याचे आकडे सांगायचे.

माझे आकडे एका यंत्रातून येत. त्या काळी गाणी ऐकण्याचा छोटा प्लेअर आणि बुटात ठेवायचा संवेदक अशी जोडी नवलाईची होती. मे २००६ मध्ये नायकी आणि ॲपल या कंपन्यांनी आयपॉड नॅनोसाठी असा संच जाहीर केला, तेव्हा त्याची किंमत २९ डॉलर होती. डाव्या बुटाच्या आतल्या तळपट्टीखाली बसणारी एक चकती, आणि प्लेअरच्या तळाला खोचायचा एक छोटा ग्राहक. चकती बिनतारी संदेश पाठवी आणि गाण्याच्या मध्येच कानात आवाज येई: इतके अंतर झाले, इतका वेळ झाला. माझ्या मावसभावाने परदेशातून पाठवलेला संच दुसऱ्या एका उत्पादकाचा होता, पण त्याचे तत्त्व हेच होते आणि चकतीची जागाही डावा बूटच होती.

हे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. बुटातल्या चकतीला अंतर कळत नाही. तिच्या आत दाबविद्युत स्फटिकासारख्या पदार्थाचा त्वरणमापी असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते. पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा एक धक्का, ते उचलले जाते तेव्हा दुसरा. या दोन धक्क्यांमधला काळ म्हणजे पाऊल जमिनीवर टेकलेले राहण्याचा काळ. आपण जितके वेगाने धावतो तितका हा काळ कमी होतो. चालताना पाऊल अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ टेकते, सावकाश धावताना पाव सेकंदाच्या आसपास, आणि अव्वल धावपटू जीव तोडून धावतो तेव्हा सुमारे एक दशांश सेकंद. चकती हा टेकण्याचा काळ मोजते. त्यावरून वेगाचा अंदाज बांधला जातो, वेगाला वेळेने गुणून अंतर काढले जाते, आणि कानात ऐकू येतात ते किलोमीटर.

म्हणजे मोजलेली गोष्ट एक, सांगितलेली गोष्ट दुसरी. या दोहोंमधला पूल प्रत्येक धावणाऱ्यासाठी निराळा असतो, म्हणून अंशांकन करावे लागते: माहीत असलेले अंतर एकदा धावायचे आणि यंत्राला सांगायचे की हे इतके होते. सप्टेंबरमध्ये मी ४०० मीटरच्या ट्रॅकवर जाऊन ते केले. मग आतल्या मार्गिकेतून २५ फेऱ्या, म्हणजे १० किलोमीटर धावले. ६४ मिनिटे लागली आणि यंत्राने १०.१ किलोमीटर दाखवले. शंभरात एकाची चूक. मी समाधानाने वहीत नोंद केली आणि त्यानंतर ट्रॅककडे फिरकले नाही.

कारण ट्रॅक कंटाळवाणा असतो आणि कोलकाता तसे नाही. आठवड्यात मी बरानगरच्या गल्ल्यांतून घाटांकडे धावत असे. रविवारी मैदानावर जाई. हिवाळ्यात तिथे पहाटे धुके इतके दाट असते की व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो. ओल्या गवतात घोडे उभे असतात, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा आवाज आधी ऐकू येतो आणि पोरे मागाहून दिसतात. अशा ठिकाणी वाट ठरलेली नसते. किती धावले हे फक्त बुटाला ठाऊक, अशी माझी समजूत होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस डाव्या नडगीत दुखू लागले. आधी फक्त धावून झाल्यावर, नंतर पहिल्या दोन किलोमीटरांत, नंतर जिना उतरतानाही. पण त्याच आठवड्यांत आकडे सुधारत होते. किलोमीटरला लागणारा वेळ काही सेकंदांनी कमी होई आणि कानातला आवाज तो उत्साहाने सांगे. दुखणे हे सुधारणेचे मोल आहे, असा मी अर्थ लावला. रविवारी बाबांना आकडे सांगितले की ते हसत म्हणत, “पोरी, पळतेस की उडतेस?” त्यांचे स्वतःचे आकडे जागच्या जागी होते आणि माझ्यामुळे आपण मागे पडणार अशी त्यांना काळजी वाटू लागली होती. म्हणून तेही सराव वाढवत होते. वयाच्या ५८ व्या वर्षी, माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून. ही गोष्ट आजही मनाला टोचते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा बोलता बोलता मी त्यांना या चकतीचे तत्त्व समजावून सांगितले. ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: “साखळी कधी ताणून पाहिली होतीस?”

हा त्यांच्या पेशाचा प्रश्न होता. मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तिच्या चौरसाचा एक गुंठा. लोखंडी कड्यांची ही साखळी ओढून ओढून लांबते. एकेक कडी केसभर उघडते आणि सगळ्या मिळून साखळी बोटभर वाढते. लांबलेल्या साखळीने मोजले की शेत कागदावर लहान होते, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण सगळा हिशेब बिनचूक असतो. म्हणून मोजणीला निघण्यापूर्वी साखळी ताणून पाहायची. बाबा म्हणत, भांडखोर शेतकरी परवडला, पण न तपासलेली साखळी नको.

“सप्टेंबरमध्ये,” मी म्हणाले. पलीकडे बाबा काही बोलले नाहीत. त्यांचे गप्प बसणे मला कळत असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ट्रॅकवर गेले. २५ फेऱ्या मारल्या. हातातल्या साध्या घड्याळात ६७ मिनिटे झाली होती आणि यंत्र म्हणत होते, १०.९ किलोमीटर. यंत्राच्या मते मी किलोमीटरला ६ मिनिटे ९ सेकंद घेत होते. सप्टेंबरमध्ये त्याच्याच मते ६ मिनिटे २० सेकंद घेत होते. प्रगती. प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद लागले होते आणि आज ६ मिनिटे ४२ सेकंद. तीन महिन्यांच्या सरावानंतर मी मंद झाले होते.

पहिला विचार आला तो चकती बिघडल्याचा. पण ट्रॅकच्या कडेला बसून नडगी चोळताना दुसरा विचार आला. चकती डाव्या बुटात होती आणि दुखत होता तोही डावाच पाय. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ टेकतो. लंगडणे म्हणतात ते हेच. पाऊल टेकते न टेकते तोच शरीर भार दुसऱ्या पायावर घेते. चकतीला इतकेच दिसत होते की टेकण्याचा काळ कमी झाला आहे. आणि तिला शिकवलेले होते, काळ कमी म्हणजे वेग जास्त. मी जितकी अधिक लंगडत होते तितके यंत्र मला अधिक वेगवान ठरवत होते.

हे खरे असेल तर त्याची परीक्षा सोपी होती. चकती उजव्या बुटात घालायची. उजवा पाय अधिक वेळ टेकत असणार, म्हणजे तिथे अंतर कमी भरायला हवे. उजव्या बुटात चकतीसाठी खाच नव्हती. तळपट्टी उचलून मोज्याच्या चिंधीत ती गुंडाळून बसवली. मग एक फेरी डाव्या बुटात, एक उजव्या, पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या, अशा सावकाश चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरी ४०० मीटरचीच होती. यंत्राने दाखवलेले किलोमीटर असे: ०.४४, ०.३९, ०.४३, ०.३९.

त्या चार आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. डावा पाय सांगत होता, तू जास्त धावलीस. उजवा सांगत होता, कमी. दोन्ही चुकत होते. पण त्यांच्यातला फरक चुकत नव्हता. तो फरक म्हणजेच माझे लंगडणे होते.

इथे मला महालनोबिस आठवले. १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या लागवडीखालचे क्षेत्र नमुना सर्वेक्षणाने काढण्याचे काम त्यांनी हाती घेतले, तेव्हा प्रश्न फक्त गणिताचा नव्हता. शेतांतून हिंडणारी माणसे चुकतात, थकतात, कधी झाडाखाली बसून आकडे भरतात. नमुना मोठा करून ही चूक जात नाही. उलट चुकीचाच आकडा अधिक ठाम वाटू लागतो. महालनोबिसांनी उपाय योजला तो अंतर्भेदी उपनमुन्यांचा. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे, एकमेकांत मिसळलेले, आणि ते दोन वेगवेगळ्या पथकांनी मोजायचे. दोन्हींचे उत्तर जुळले तर विश्वास वाढतो. जुळले नाही तर त्या फरकातूनच आपल्याला कळते की आपला आकडा किती डळमळीत आहे. परीक्षेत मी या पद्धतीची सूत्रे चोख लिहिली होती. तीन महिने एकाच पायाने मोजताना मला ती एकदाही आठवली नाहीत.

आणि ज्या रस्त्याच्या कडेने मी रोज धावत होते तो रस्ता तर हीच गोष्ट पावणेदोनशे वर्षे सांगत होता. १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची कोलकात्याची आधाररेषा बराकपूरच्या या सरळ रस्त्यालगत मोजली. लांबी सहा मैलांहून थोडी अधिक. तिच्या टोकांचे मनोरे, एक पाईकपाड्यात आणि एक सुखचरला, आजही उभे आहेत. बसमधून जाणाऱ्यांचे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. त्रिकोणांची साखळी कितीही दूर जावो, तिची सगळी अंतरे अखेर अशा जमिनीवर मोजलेल्या रेषेवर विसंबून असतात. अठरा वर्षांचे राधानाथ सिकदार गणक म्हणून या सर्वेक्षणात रुजू झाले तेही १८३१ मध्येच.

ही रेषा मोजायला आणलेले दंड पाहण्यासारखे होते. बंगालच्या हवेत धातूचा दंड दुपारी लांबतो आणि पहाटे आखडतो. त्यावर थॉमस कोल्बी यांनी आयर्लंडच्या सर्वेक्षणासाठी योजलेली युक्ती एव्हरेस्ट यांनी वापरली. एक दंड पितळेचा आणि एक लोखंडाचा घेऊन ते मध्यभागी जोडायचे. उष्णतेने दोन्ही लांबतात, पण सारखे नाही. प्रमाण साधारण तीनास पाच. टोकांशी दोहोंना जोडणारी पट्टी अशी बसवायची की तिच्यावरची खूण, दोन्ही धातू कमीअधिक लांबले तरी, आपल्या जागी राहावी. न चुकणारा धातू जगात नाही. पण दोन धातू निरनिराळ्या प्रमाणात चुकत असतील आणि ते प्रमाण आपल्याला माहीत असेल, तर त्यांच्या मदतीने दहा फुटांचे अंतर दिवसभर स्थिर ठेवता येते.

त्याच सर्वेक्षणासाठी १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत गुप्तपणे गेलेले नैनसिंह रावत पावले मोजत चालले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना ते एक मणी सरकवत. पाऊल एकसारखे टाकण्याचे त्यांना प्रशिक्षण होते. तरीही ते केवळ पावलांवर विसंबले नाहीत. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट होते आणि रात्री ताऱ्यांवरून ते अक्षांश काढत. पाय थकल्याचे ताऱ्यांना ठाऊक नसते, म्हणूनच त्यांची साक्ष उपयोगी.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी तपासण्या करून नडगीच्या हाडाला बारीक चीर असल्याचे निदान केले. धावणाऱ्यांत हा प्रकार नवा नाही. आठ आठवडे धावणे बंद. मी त्या रात्री बाबांना फोन केला. पाय मोडल्याचे सांगणे सोपे गेले. “बाबा, ऑक्टोबरपासूनचे सगळे आकडे खोटे होते,” हे सांगणे जड गेले. ते म्हणाले, “खोटे कशाला? साखळी लांबली होती, इतकेच. जुन्या नोंदी खोडू नकोस. शेरा लिही आणि नवी मोजणी कर.” त्यांनी आपला सराव पुन्हा पहिल्यासारखा केला. जानेवारीत ते एकटेच धावले आणि मी रस्त्याच्या कडेला पाणी घेऊन उभी राहिले.

पण संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला एक शंका उरलीच होती. चकती उजव्या बुटात मुळातच कमी दाखवत असेल तर? तिचे अंशांकन डाव्या पायावर झाले होते, आणि पाय दुखण्यापूर्वी उजव्या बुटात ती काय सांगत होती हे मी कधी पाहिलेच नव्हते. त्यामुळे डिसेंबरच्या चार फेऱ्या हा पुरावा अपुराच होता. एप्रिलमध्ये, पाय बरा झाल्यावर, मी त्याच ट्रॅकवर, त्याच बुटांनी, त्याच चिंधीसह त्या चार फेऱ्या पुन्हा मारल्या. या वेळचे आकडे होते ०.४१, ०.४०, ०.४०, ०.४०. फरक नाहीसा झाला होता. एका धावणाऱ्या मुलीच्या आठ फेऱ्यांतून सिद्धांत उभा राहत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या पायापुरते मात्र उत्तर मिळाले.

मी यंत्राला दोष देत नाही. त्याने टेकण्याचा काळ इमानाने मोजला होता. काळ आणि वेग यांतले नाते माझे पाय निरोगी असताना जमवलेले होते; पाय बदलले आणि ते नाते मी तपासले नाही. पूल खचला तरी पलीकडच्या काठावरून आकडे येतच राहिले, दशांश चिन्हासह, नीटनेटके. आकडा सुबक असला की आपण त्याच्या पोटात शिरत नाही, आणि तो आपल्या मनासारखा असला तर मुळीच नाही. दुखणे आणि सुधारणा या दोन साक्षी परस्परविरोधी होत्या. मी त्यांतली आवडती निवडली.

ते छोटे प्लेअर आता इतिहासजमा झाले. ॲपलने आयपॉडचे शेवटचे मॉडेल मे २०२२ मध्ये बंद केले. आज मनगटावरची घड्याळे उपग्रहांकडून अंतर काढतात, पण बंद जागेत, जिथे उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही तिथे, त्यांनाही त्वरणमापीवरूनच अंदाज बांधावा लागतो. झोप, थकवा, खर्च झालेली ऊर्जा हे सारे आकडे अशाच पुलांवरून येतात: मोजले जाते एक, सांगितले जाते दुसरे. त्यांवरून कुणी आहार ठरवतो, कुणी औषध, कुणी स्वतःविषयीचे मत.

विद्यार्थी मित्रहो, सांख्यिकी दिनानिमित्त एक छोटा प्रयोग सुचवते. जवळच्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या मैदानावर जा आणि अंतर नक्की माहीत असलेली फेरी शोधा. तुमच्या फोनने किंवा घड्याळाने मोजलेल्या पावलांचे आणि अंतराचे आकडे त्या फेरीशी ताडून पाहा. मग यंत्र दुसऱ्या मनगटावर किंवा दुसऱ्या खिशात घाला आणि तीच फेरी पुन्हा मारा. दोन्ही आकडे शेजारी लिहा, तारीख घाला, आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा करा.

पुढच्या वर्षी बाबा आणि मी ती अर्धमॅरेथॉन बरोबर धावलो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलेच, “साखळी पाहिलीस?” मी दोन्ही पायांचे आकडे वाचून दाखवले, तेव्हा कुठे ते झोपायला गेले.